कळवा ते महापे रोज सायकलने: चालू ठेवू की बंद करू?

खाडीपलीकडचा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी कळव्यात राहतो, ऑफिस महापे एमआयडीसीत. आधी कळवा ते ठाणे लोकल, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षा. अंतर बघायला गेलं तर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण दारातून खुर्चीपर्यंत सव्वा तास धरायचाच, आणि सकाळी कळव्याहून गाडीत चढणं म्हणजे काय ते कळवेकरांना सांगायला नको, आमच्याकडे लोक कारशेडमधून निघणारी गाडी रुळात उभं राहून पकडतात. गेल्या दिवाळीनंतर सायकल घेतली. हायब्रिड, ३५ चे टायर. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस सायकल. कळवा नाका, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे. पन्नास मिनिटं. पोट आत गेलं, शुगर बॉर्डरवर होती ती खाली आली, आणि ऑफिसात पोचल्यावर कोणाला मारावंसं वाटत नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास परत येत होतो. दिघा सोडून विटाव्याच्या रेल्वे पुलाकडे रस्ता आवळत जातो ना, तिथे पाण्याचा टँकर इतका चिकटून गेला की कोपर त्याच्या पत्र्याला घासलं. हँडल हललं, मी डावीकडे मातीत उतरलो, पाय टेकला, गुडघा सोलला. बस एवढंच. टँकर थांबला वगैरे नाही, त्याला कळलंही नसेल.

चूक ही केली की घरी सांगितलं. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या लॉकची किल्ली गायब. विचारलं तर म्हणाली, "तांदळाच्या डब्यात आहे, आणि डबा मी उघडणार."

तर प्रश्न असा की हे मोजायचं कसं. "काळजी घ्या" नको, "होणारं टळत नाही" तर अजिबात नको. रोज जाणाऱ्यांनी, सोडून दिलेल्यांनी, दोघांनी लिहा.

ब्रेकफेल_बंड्या | सोमवार, रात्री ११:३१

किल्ली तांदळाच्या डब्यात 😂 वहिनींना दंडवत.

पामबीचपक्षी | सोमवार, रात्री ११:४४

वेळ बदला हो. मी नेरूळहून पाम बीच रोडने सीबीडी बेलापूरला जातो, सकाळी साडेपाचला निघतो, रस्ता मोकळा, हवा गार, सहाला जिममध्ये, तिथेच आंघोळ. ट्रॅफिक नसेल तर रिस्कच नाही.

नौपाडाकाकू | सोमवार, रात्री ११:५८

पामबीचपक्षी, रागावू नका, पण हे साफ चुकीचं आहे आणि तुम्ही त्याच रस्त्यावरून जाता म्हणून सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेलचे माजी भारतप्रमुख अवतार सैनी तुमच्याच पाम बीच रोडवर नेरूळजवळ गेले. पहाटे सहाच्या आत. बरोबर इतर सायकलवाले होते, नवशिके नव्हते, मागून कॅब आली. मोकळा रस्ता आपल्याला मोकळा असतो तसा गाडीवाल्यालाही मोकळा असतो, आणि त्या वेळी तो एकतर झोपेत असतो नाहीतर ऐंशीने असतो. ट्रॅफिक जॅममध्ये धडक बसली तर खरचटतं. तीसच्या ऐवजी साठने बसली तर मार दुप्पट नाही, चौपट, वेगाचा वर्ग होतो तिथे. (गणित शिकवायचे, सवय जात नाही.)

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८:१५

धागाकर्त्याने मोजायचं कसं विचारलंय म्हणून माझी एंट्री. ऑफिसच्या बसमधून टाइपतोय, चुका होतील.

एक, नेदरलँड्समधला २०१० चा अभ्यास. गाडी सोडून छोट्या अंतराला सायकल घेतली तर व्यायामामुळे आयुष्य ३ ते १४ महिने वाढतं, अपघाताच्या धोक्याने ५ ते ९ दिवस कमी होतं, प्रदूषणाने ०.८ ते ४० दिवस. म्हणजे जमेची बाजू कितीतरी पट. दोन, ब्रिटनमधली २०१७ ची पाहणी, अडीच लाखांवर माणसं, त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं. आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर बंड्या येईल. त्याच ब्रिटिश लोकांचा डेटा घेऊन २०२० मध्ये परत बघितलं तर सायकलवाल्यांना दुखापत होऊन हॉस्पिटलात भरती व्हायची शक्यता ४५ टक्के जास्त निघाली. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. जास्त जगता आणि जास्त पडता.

आपल्याकडचं म्हणाल तर २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवाले ४४.५ टक्के, पायी चालणारे १९.५ टक्के, सायकलवाले ३ टक्क्यांच्या आत. यावरून सायकल सुरक्षित असं कोणी म्हणू नये, मुळात चालवणारेच किती आहेत ते बघा. पण एक कळतं की सायकल सोडून ॲक्टिव्हा घेतली म्हणजे सुटलात असं नाही.

ब्रेकफेल_बंड्या | मंगळवार, सकाळी ८:२२

आलोच. नेदरलँड्सचं गणित विटाव्याच्या पुलाखाली लावू नका साहेब. तिकडे सायकलला वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल. आपल्याकडे वेगळा खड्डा.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८:२९

मान्य. म्हणून तर दोन्ही बाजू दिल्या. पण तुलना कशाशी करायची ते ठरवा. हा माणूस सायकल सोडेल तर घरी बसणार नाहीये, कळव्याहून लोकल पकडणार आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला काय झालं विसरलात का? दारात लटकलेली माणसं समोरून येणाऱ्या गाडीला घासून खाली पडली, सोमवारी सकाळी कामाला निघालेली. सायकल धोक्याची आणि लोकल म्हणजे सोफा, असं आपण धरून चालतो, कारण लोकलने सगळेच जातात.

ऐरोलीची_मी | मंगळवार, दुपारी १:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी ऐरोली सेक्टर आठ ते रबाळे, अंतर फार नाही, दोन वर्षं झाली.

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद गाड्यांबद्दल आहेत. माझ्या यादीत गाड्या दुसऱ्या नंबरवर आहेत. पहिल्या नंबरवर बाइकवरून जाताना पाठीवर थाप मारून हसत पुढे जाणारे. दोनदा झालंय. एकदा पडता पडता वाचले कारण मागून बस होती. हे कुठल्या आकड्यात येतं? "अपघात" म्हणूनही नाही, "छेडछाड" म्हणूनही नाही, कारण नंबर बघायच्या आत ते दिघ्याला पोचलेले असतात.

मी काय बदललं ते सांगते. एमआयडीसीतला आतला रस्ता संध्याकाळी सोडला, दिवसा चांगला आहे पण सातनंतर कंपन्यांच्या भिंती आणि कुत्री सोडून कोणी नसतं. मुख्य रस्त्याला गाड्या जास्त पण माणसंही असतात, वडापाववाला ओळखतो. ओढणी बंद, कुर्ता घातला तर ऑफिसात जाऊन बदलते. रोज एकाच मिनिटाला निघत नाही, दहा मिनिटं मागेपुढे. लाइव्ह लोकेशन आईला. आणि हँडलला उजव्या बाजूला आरसा, दोनशे-तीनशे रुपयाचा, त्याने मला जेवढं धैर्य दिलं तेवढं हेल्मेटने नाही दिलं, मागून बाइक हळू झाली की आधीच कळतं.

कुत्र्यांबद्दल: पळवू नका सायकल. उतरा, सायकल मध्ये धरा, चाला. दहापैकी नऊ वेळा त्यांचा इंटरेस्ट जातो. दहाव्या वेळी बिस्किट.

विटाव्याचा_बाळ्या | मंगळवार, दुपारी १:४०

धागा वाचून हसू पण आलं आणि थोडा राग पण आला, खरं सांगतो. माझे वडील विटाव्याहून ऐरोलीच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं सायकलने गेले. हर्क्युलस, डायनॅमोचा दिवा, मागे कॅरिअरला डबा. तीन शिफ्ट, रात्रीची सुटली की पहाटे यायचे. ना हेल्मेट ना ब्लिंकर. तेव्हा कोणी "कम्यूट" म्हणत नव्हतं, कामाला जायचं म्हणायचे. आजही सकाळी साडेसहाला दिघ्याच्या नाक्यावर उभे राहा, दहा मिनिटांत शेकडो नाही पण पंधरा-वीस जण तरी जातील जुन्या सायकलींवर, वॉचमन, हेल्पर, कँटीनवाले. त्यांना चालू ठेवू की बंद करू असा प्रश्न पडत नाही.

नौपाडाकाकू | मंगळवार, दुपारी २:१०

बाळ्या, राग समजला. पण त्यांना पर्याय नव्हता म्हणून धोका नव्हता असं नाही ना. वडील कधी पडले नाहीत?

विटाव्याचा_बाळ्या | मंगळवार, दुपारी २:३३

पडले की. ९८ साली दिघ्याला टेम्पोने उडवलं, कॉलरबोन मोडलं, दीड महिना घरी. कंपनीने बिनपगारी धरलं. मग परत सायकल. मुद्दा बरोबर आहे काकू तुमचा.

त्यांचं एक मात्र होतं, पुलाखालून ते कधी सायकल चालवत गेले नाहीत. उतरायचे, कडेने हातात धरून चालत पलीकडे, मग टांग. आम्ही पोरं हसायचो. म्हणायचे दोन मिनिटं लागतात, कंपनी काही पळून जात नाही.

ट्रेलरवाला_७४ | मंगळवार, संध्या ७:५०

माझे दोन ट्रेलर जेएनपीटी बंदराला चालतात, आधी स्वतः चालवायचो. केबिनमधून काय दिसतं ते कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि सायकलवाला डावीकडून घुसतो. डाव्या दारापासून मागे बऱ्याच लांबीपर्यंत खाली काय आहे ते मला दिसत नाही, क्लीनर असेल तर तो ओरडतो, आणि आता कित्येक गाड्यांवर क्लीनर ठेवतच नाहीत, परवडत नाही. सिग्नलला गाडी उभी आहे आणि तुम्ही डावीकडच्या फटीतून पुढे येऊन उभे राहता, तुम्हाला वाटतं शहाणपणा केला. सिग्नल सुटला, मला डावीकडे वळायचंय, पुढची चाकं लांबून जातात पण मागची चाकं आत कापतात. चाळीस फुटी बॉडी आहे ती. तुम्ही फुटपाथ आणि चाकाच्या मध्ये. मला आवाज सुद्धा येणार नाही. तुम्हाला आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही असं धरायचं आणि मागेच थांबायचं. दोन गाड्या मागे थांबलात तर अर्धा मिनिट जाईल.

टँकरवाल्याला मी क्लीन चिट देत नाही, रस्ता आवळतो तिथे ओव्हरटेक मारणं चूकच. फेऱ्यांवर पैसे असतात त्यांना, म्हणून पळतात. पण एक विचारतो, मागचा लाल लाइट चालू होता का तुमचा? पावणेआठला त्या पट्ट्यात समोरून येणाऱ्यांच्या हेडलाइटमुळे डोळ्यापुढे अंधारी येते, त्यात काळे कपडे घातलेला सायकलवाला म्हणजे शेवटच्या क्षणाला दिसतो.

खाडीपलीकडचा | मंगळवार, रात्री ९:१२

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

ट्रेलरवाले दादा, लाइट चालू होता. सीटच्या खाली लावलाय, यूएसबीवर चार्ज होणारा, शंभर ल्युमेनचा, ब्लिंक मोडवर. चांगला आठशेचा आहे. त्यात माझी चूक नव्हती. डावीकडच्या फटीतून पुढे जायची सवय मात्र आहे, रोज जातो. वाचून हात गार पडले.

बाळ्याच्या वडिलांवरून एक सुचलं. आज संध्याकाळी बसून माझा रस्ता आठवला, कुठे कुठे पोटात गोळा येतो ते. पूर्ण बारा किलोमीटर येतच नाही. विटाव्याचा पूल आणि त्याच्या अलीकडचा आवळलेला भाग. ऐरोलीला पटनीच्या नाक्यावर मुलुंड पुलाकडे जाणाऱ्या गाड्या सुसाट आडव्या येतात तो. रबाळ्याला बसस्टॉप, जिथे एनएमएमटीच्या बस, रिक्षा आणि कंपनीच्या बसेस तिघेही एकाच वेळी डावीकडे घुसतात. आणि घणसोलीचा उड्डाणपूल, पण तिथे मी खालूनच जातो. सगळं मिळून हजार-बाराशे मीटर झालं असेल. बाकी रस्ता कंटाळवाणा आहे, खड्डे आहेत, पण भीती नाही.

घोडबंदर_ग्रस्त | मंगळवार, रात्री ९:४०

तुमचं नशीब की हजार मीटर. माझं कासारवडवली ते कापूरबावडी, पूर्णच आवळलेलं. मेट्रोचं काम, बॅरिकेड, सर्व्हिस रोड कुठे आहे कुठे नाही, वाघबीळला खड्डा चुकवायला उजवीकडे घेतलं की मागे गुजरातला जाणारा कंटेनर. आठ महिने केलं, मग एकदा मानपाड्याला माझ्यापुढचा स्विगीवाला पोरगा घसरला, पाऊस होता, लोखंडी प्लेट टाकलेली रस्त्यावर. त्याला उचलला, १०८ बोलावली, तो वाचला, पण त्या दिवशी घरी आलो आणि सायकल गॅलरीत उलटी टांगली. आता फक्त रविवारी येऊरच्या डोंगरात. लाज वाटत नाही. ज्यांचा रस्ताच तसा आहे त्यांनी सोडली तर त्यांना घाबरट म्हणू नका एवढंच.

ब्रेकफेल_बंड्या | मंगळवार, रात्री ९:४४

कोणी म्हणत नाहीये ग्रस्तदादा. घोडबंदरला तर मी कार पण घाबरत चालवतो.

क्लेमवाला | बुधवार, सकाळी १०:३०

कोणी विम्याचं लिहिलं नाही म्हणून लिहितो, कंटाळवाणं आहे पण वाचा.

सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे तुमचा स्वतःचा थर्ड पार्टी विमा वगैरे प्रकार नाही. पण तुम्हाला धडक देणारी गाडी मोटार वाहन आहे आणि तिच्या विम्याच्या दृष्टीने तुम्ही थर्ड पार्टी आहात, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. त्यासाठी पोलिसात नोंद हवी. लोक गुडघा सोलला म्हणून घरी जातात आणि दोन दिवसांनी खांदा उचलत नाही तेव्हा हातात कागद नसतो. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. आधी यापेक्षा फार कमी होते. आणि मे २०२५ पासून कॅशलेस उपचारांची योजना आहे, मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमून दिलेल्या हॉस्पिटलात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार.

हे सगळं एका बाजूला, तुम्ही स्वतः पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्या. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, दोन महिने कामावर जाता आलं नाही तर मेडिक्लेम काही देत नाही. पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाला आठवड्याला पैसे देण्याचं कलम आहे का ते बघून घ्या. बायकोशी बोलताना हे कागद पुढे ठेवले तर फायदा होतो, स्वानुभव.

ब्रेकफेल_बंड्या | बुधवार, सकाळी १०:४१

बायकोपुढे "मी मेलो तर इतके मिळतील" असा कागद ठेवणारा माणूस मला भेटायचाय.

क्लेमवाला | बुधवार, सकाळी १०:४६

या कधीही. चहा पाजतो, पॉलिसी पण देतो.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११:००

हेल्मेटचं राहिलं. घालाच, पण ते कशासाठी आहे ते कळून घाला. सायकलच्या हेल्मेटचं ईएन १०७८ म्हणून युरोपियन मानक आहे, त्याच्या चाचणीत हेल्मेट सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात, म्हणजे ताशी साडेएकोणीस किमी, साधारण दीड मीटरवरून डोकं खाली पडल्यासारखं. तुम्ही घसरलात, खड्ड्यात गेलात, रिक्षाचं दार लागलं, तर ते डोकं वाचवतं. साठने येणाऱ्या टँकरसाठी ते बनवलेलंच नाही. त्यामुळे हेल्मेट घातलं म्हणजे टँकरच्या शेजारून जायला परवानगी मिळाली असा हिशोब करू नका.

अवांतर, हवेबद्दल. २०१६ च्या एका अभ्यासात पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम असताना रोज दीड तासापुढे सायकल चालवली तर तोटा फायद्यापेक्षा वाढायला लागतो असं काढलंय. धागाकर्त्याचं जाऊन येऊन शंभर मिनिटं होतात. हिवाळ्यात एमआयडीसीच्या पट्ट्यात ज्या दिवशी आकडा वर असेल त्या दिवशी सरळ ट्रेन धरा.

पामबीचपक्षी | बुधवार, दुपारी १२:१५

काकू, दोन दिवस विचार करतोय तुमच्या प्रतिसादाचा. निघायची वेळ सव्वासहा केली. बघू.

एक मतभेद नोंदवतो: मी कडेने चिकटून चालवत नाही. कडेला गटाराची झाकणं, काचा, वाळू, आणि कडेला असलात की मागच्याला वाटतं याच लेनमधून निघून जाऊ. मी मीटरभर आत असतो, म्हणजे त्याला लेन बदलून ओव्हरटेक करावा लागतो.

ट्रेलरवाला_७४ | बुधवार, दुपारी १२:४०

पाम बीचला ठीक असेल. ठाणे-बेलापूर रोडला मीटरभर आत राहिलात तर शिव्या खाल आणि कधीतरी धक्का पण. रस्ता आवळतो तिथे मात्र तुमचं बरोबर आहे, मध्ये राहा किंवा उतरा. अर्धवट कडेला राहिलं की मागच्याला वाटतं आपली गाडी बसेल शेजारून. टँकरला तेच वाटलं.

ऐरोलीची_मी | बुधवार, दुपारी १:१५

+१. आणि धागाकर्ते, एक आगाऊपणा करते. तुम्ही इथे अनोळखी लोकांना विचारताय, वहिनींना तो रस्ता कधी दाखवलात का? माझी आई पण पहिले तीन महिने रोज रडायची. मग एका रविवारी तिला स्कूटीवर मागे बसवून भावाने माझ्या मागे मागे आणलं. तिला जे वाटत होतं त्यातलं निम्मं नव्हतं, आणि तिला माहीत नव्हतं असं एक होतं (रबाळ्याचा बसस्टॉप). आता ती फक्त रबाळ्याचं विचारते.

खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री १०:०५

नाही दाखवला. ती ॲक्टिव्हा चालवते, चांगली चालवते. विचारून बघतो. तांदळाचा डबा अजून तिच्याच ताब्यात आहे.

ब्रेकफेल_बंड्या | शनिवार, सकाळी ९:००

धागा वर काढतोय. डबा उघडला का?

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री १०:५०

उघडला. सांगतो.

काल संध्याकाळी मुद्दाम सात वाजता निघालो, तीच वेळ असावी म्हणून. शनिवार असल्याने ट्रॅफिक थोडं कमी, पण टँकर आणि ट्रेलर होतेच. ऐरोलीपर्यंत गेलो आणि परत. मी पुढे सायकलवर, अगदी ऑफिसला जातो तसा, पाठीला लॅपटॉपची बॅग, वरून पावसाचं कव्हर, कारण भुरभुर होती. ती मागे ॲक्टिव्हावर, वीस-पंचवीस फुटांवर. पोराला आईकडे ठेवलं होतं.

मला वाटलं होतं दोन गोष्टी होतील, एकतर ती म्हणेल एवढं काही नाही, नाहीतर म्हणेल उद्यापासून अजिबात नाही. दिघ्याला चहाला थांबलो तर ती पहिलं वाक्य बोलली, "तुझा लाइट कुठाय?"

मी म्हटलं चालू आहे ना. म्हणाली मला एकदाही दिसला नाही. वाद झाला, मी चालू करूनच निघालो होतो. मग मी सायकलवर बसलो आणि तिने मागून फोनने फोटो काढला. सीटखालचा लाइट, त्यावर बॅग टेकलेली आणि बॅगच्या कव्हरचा खालचा झोळ अगदी लाइटवर लोंबतोय. काळं कव्हर. खाली मातीवर पुसट लाल उजेड पडत होता तेवढाच. मी उतरलो की बॅग वर उचलली जाते आणि लाइट मस्त दिसतो, त्यामुळे सहा महिन्यांत मला कधी कळलंच नाही. मी स्वतःला मागून कधी बघणार?

टँकर घासला त्या गुरुवारी पण भुरभुर होती. कव्हर होतं.

ट्रेलरवाले दादा, मी तुम्हाला ठणकावून सांगितलं होतं माझी चूक नव्हती. टँकरने तिथे ओव्हरटेक मारायला नको होता हे मी अजूनही म्हणतो. पण त्याला मी दिसलो होतो की नाही हे आता मला सांगता येणार नाही.

आणखी दोन तिने पकडल्या. पटनीच्या नाक्यावर मी डावीकडे हात दाखवतो पण मागे वळून बघत नाही. आणि खड्डा आला की आधी झटका मारतो, मग बघतो. आरसा आज घेतला.

पुलाखालून आम्ही दोघं चालत आलो, ती ॲक्टिव्हा ढकलत, मी सायकल. एक रिक्षावाला विचारत होता पेट्रोल संपलं का. तीन मिनिटं लागली.

ठरलंय ते असं: सकाळी सायकल चालू, विटाव्याला उतरून. संध्याकाळी सातच्या आत निघालो तर सायकल, नाहीतर सायकल ऑफिसात ठेवून ट्रेन. सिक्युरिटीवाले रात्री सायकल ठेवू देत नव्हते, शुक्रवारी ॲडमिनला मेल टाकलाय, बघू. जोराचा पाऊस आणि खराब हवा असेल त्या दिवशी सुट्टी. विटाव्याला पाणी तुंबलं असेल तर प्रश्नच नाही. एक महिना असं, मग परत बोलायचं, ही तिची अट.

नौपाडाकाकू | रविवार, रात्री ११:०२

बाईसाहेबांना माझा नमस्कार सांगा. पेपर नीट तपासला त्यांनी.

ट्रेलरवाला_७४ | रविवार, रात्री ११:१५

लाइट आता कुठे लावला?

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ११:१८

मागे कॅरिअर बसवला त्याच्या टोकाला, झिपटायने. बॅग पण कॅरिअरवरच, पाठ मोकळी. शिवाय सफाई कामगार घालतात तसलं पट्ट्यांचं जॅकेट, दीडशे रुपये. पोरगा म्हणतो बाबा कचरेवाले काका दिसतात. दुसरा छोटा लाइट हेल्मेटला मागे.

आकडेमोड | रविवार, रात्री ११:२६

फोटो टाका ना तो झाकलेल्या लाइटचा.

ब्रेकफेल_बंड्या | रविवार, रात्री ११:४७

आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन सायकलवर बसून आलो, वॉचमनला म्हटलं मागून बघ. माझा पण दिसत नाही.